गर्दी, रांग आणि कचेरीतला सामाईक सर्व्हर

आजच्या कचेरीत माणसे एकमेकांशी बोलतात ती बहुधा पडद्यावरून. निरोप, फायली, मंजुऱ्या, बैठकांची टिपणे, रजेचे अर्ज, हे सारे एका सामाईक सर्व्हरवरून फिरते. कोठे तो शेअरपॉइंटचा असतो, कोठे स्लॅकचा, कोठे टीम्सचा, कोठे मॅटरमोस्टचा. नावे निराळी, धंदा एकच: पुष्कळ माणसांना एकाच वहीत लिहू देणे आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला ताबडतोब दाखवणे. ही वही शंभर माणसांना सुखाने पुरते आणि हजार माणसे झाली की धापा टाकू लागते. असे का होते आणि वाढत्या गर्दीला ती पुरी कशी पाडावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषय यंत्रशास्त्राचा, त्यात कामगार चळवळीतल्या माणसांनी का पडावे, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत रात्री येऊन बसणाऱ्या तरुण इंजिनियरांकडून आणि मागवून वाचलेल्या पुस्तकांतून. पण एवढे आम्हांला अनुभवाने कळले आहे, की सर्व्हर अडला की माणूस अडतो, आणि अडलेल्या वेळेचा हिशेब यंत्राच्या नावे न पडता माणसाच्या नावे पडतो. म्हणून हे यंत्र आतून कसे चालते, हे ज्याच्या पगारावर त्याचा परिणाम होतो त्याला ठाऊक पाहिजे.

प्रथम या यंत्राची रचना पाहू. तालुक्याच्या कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. खिडकीवर अर्ज घेणारा कारकून असतो, आत नोंदवही सांभाळणारा असतो, मागे दप्तरखाना असतो. सर्व्हरचेही तसेच. खिडकीवर वेब सर्व्हर. तो मागणी घेतो आणि उत्तर देतो. आत डेटाबेस, कोणी काय लिहिले, कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे, याची पक्की नोंद तेथे. बाजूला फायलींचे कोठार, आणि शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची. लहान कचेरीत ही सारी कामे एकच यंत्र करते. माणसे वाढली की एकेक काम वेगळ्या यंत्राकडे द्यावे लागते, आणि येथूनच वाढीची गोष्ट सुरू होते.

आता गर्दीचे गणित. माणसे दुप्पट झाली की काम दुप्पट होईल, असे व्यवस्थापक धरून चालतो. सामाईक वहीचे तसे नाही. शंभर जणांच्या गटात प्रत्येकाने एकेक निरोप टाकला, तर प्रत्येक निरोप बाकीच्या नव्व्याण्णव जणांकडे पोचवावा लागतो. म्हणजे ९,९०० पोचवण्या झाल्या. गटात दोनशे जण झाले, की तोच हिशेब ३९,८०० वर जातो. माणसे दुप्पट, काम चौपट. त्यातून सकाळी दहाला सारी कचेरी एकदम उघडते, आणि दिवसभराच्या सरासरीवर बेतलेले यंत्र त्या अर्ध्या तासात तोंडघशी पडते.

याहून विलक्षण गोष्ट आहे रांगेची. या शास्त्राचा पाया घातला आगनेर क्रारूप एर्लांग या डॅनिश गृहस्थाने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो नोकरीला होता. किती गिऱ्हाइकांमागे किती तारा ठेवाव्यात, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ साली त्याने या विषयावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ साली त्याची सूत्रे आली. तेव्हाच्या टेलिफोनचे जे गणित, तेच आजच्या सर्व्हरचे.

ते थोडक्यात असे. एक खिडकी आहे, एका कामाला सरासरी एक सेकंद लागतो, आणि लोक वेळी-अवेळी, जसे सुचेल तसे येतात. कामेही कमीजास्त लांबीची असतात. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर माणसाचे काम रांगेसकट सरासरी दोन सेकंदांत होते. ८० टक्के वेळ कामात असेल तर पाच सेकंद, ९० टक्के असेल तर दहा, आणि ९५ टक्के असेल तर वीस सेकंद लागतात. नीट पाहा: ८० वरून ९० टक्क्यांवर जाताना काम वाढले जेमतेम आठवा हिस्सा, आणि वेळ झाला दुप्पट. यावरून दिसेल, की ‘आमचा सर्व्हर नव्वद टक्के भरलेला असतो, पैसा पुरेपूर वसूल होतो’ असे जो अभिमानाने सांगतो, तो वस्तुतः आपल्या माणसांचा वेळ जाळत असतो. मोकळी राखलेली जागा ही उधळपट्टी नव्हे. गर्दीचा धक्का सोसण्यासाठी ती लागतेच.

वाढ करण्याचे मार्ग दोन. पहिला, आहे त्या यंत्राच्या जागी मोठे यंत्र आणणे. हा सोपा आहे, आणि काही काळ पुरतो. पण सर्वांत मोठे यंत्र घेतल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच, आणि ते एक बंद पडले की सगळेच बंद. दुसरा मार्ग, एकाशेजारी अनेक यंत्रे लावणे. त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर नावाचा वाटाड्या बसवतात; जो सर्व्हर मोकळा त्याच्याकडे तो पुढची मागणी धाडतो.

दुसऱ्या मार्गाला एक अट आहे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार असत. आज या साच्यावर, उद्या त्या साच्यावर; कोठेही उभे केले तरी काम चालू राहिले पाहिजे. वेब सर्व्हर असे बदलीसारखे हवेत. माणसाने केलेले लॉगिन किंवा त्याचे अर्धे लिहिलेले काम एकाच यंत्राच्या पोटात राहिले, तर पुढची मागणी दुसऱ्या यंत्राकडे गेल्यावर ‘आपण कोण?’ अशी विचारणा होते. म्हणून ही आठवण सर्वांना पोचेल अशा सामाईक जागी ठेवावी लागते. एवढे केले, की खिडक्या हव्या तेवढ्या वाढवता येतात.

परंतु खिडक्या वाढवून भागत नाही. गिरणीत सूत कमी पडत असेल, तर माग वाढवून कापड वाढत नाही. येथे सुताच्या जागी डेटाबेस आहे. दहा खिडक्यांवरच्या दहा कारकुनांना एकाच नोंदवहीत लिहायचे असेल, तर रांग खिडकीपासून हलून नोंदवहीपाशी जाते, इतकेच. त्यावर उपाय पायरीपायरीने करतात. जे वारंवार विचारले जाते त्याची प्रत कॅशेत, म्हणजे हाताशी, ठेवणे ही पहिली पायरी. वाचण्यासाठी नोंदवहीच्या नकला ठेवून लिहिणे मात्र एकाच मूळ वहीत करणे ही दुसरी. यात नक्कल क्षणभर मागे राहू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते. आणि शेवटची पायरी वहीचेच तुकडे करण्याची.

तुकडे कसे करावेत, यात सारे मर्म आहे. स्लॅकचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे प्रथम गिऱ्हाईक कंपनीगणिक वाटणी होती. एका कंपनीचे सारे निरोप एका तुकड्यात. लहान गिऱ्हाइकांना हे उत्तम चालले. पुढे गिऱ्हाइके इतकी मोठी झाली, की एकेका कंपनीलाच तुकडा अपुरा पडू लागला आणि शेजारचे तुकडे मोकळे राहिले. तेव्हा २०१७ पासून त्यांनी व्हिटेस ही यूट्यूबमध्ये जन्मलेली यंत्रणा घेतली आणि निरोपांची वाटणी कंपनीऐवजी संभाषणाच्या चॅनेलवरून केली. हे स्थलांतर जवळजवळ पुरे व्हायला २०२० साल उजाडले. चालती गाडी न थांबवता चाके बदलण्याचे हे काम तीन वर्षांचे होते.

शेअरपॉइंटमध्ये दुसराच धडा आहे. तेथे एका यादीतून एका दमात पाच हजारांहून अधिक नोंदी मागितल्या, की यंत्रणा सहसा नकार देते. हा लहरीपणा वाटतो. पण खालच्या एसक्यूएल सर्व्हरची रीत अशी, की एका प्रश्नासाठी सुमारे पाच हजार ओळींना कुलपे लागली की तो एकेक कुलूप सोडून साऱ्या तक्त्यालाच कुलूप ठोकतो, आणि बाकीचे सारे बाहेर ताटकळतात. म्हणजे एकाच्या हावरट प्रश्नापासून इतरांना वाचवण्यासाठी ही मर्यादा आहे. उपाय नवे यंत्र घेण्याचा नाही. यादीला योग्य सूची लावून थोडके मागण्याचा आहे. तसेच तेथील एकेक डेटाबेस नेहमीच्या वापरात २०० गिगाबाइटांच्या आत ठेवावा, असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला आहे. कारण डेटाबेस जितका मोठा, तितके त्याची राखीव प्रत काढणे आणि वेळ आली तर ती परत बसवणे अवघड.

गर्दी किती झपाट्याने वाढू शकते, हे टाळेबंदीत दिसले. मार्च २०२० मध्ये टीम्स रोज वापरणारी माणसे ४ कोटी ४० लाख होती. एप्रिल संपता संपता ती साडेसात कोटी झाली. अशा वेळी भाड्याने मिळणारे क्लाउडचे सर्व्हर उपयोगी पडतात, कारण गरजेप्रमाणे ते आपोआप वाढतात आणि घटतात. मात्र ‘आपोआप’ या शब्दावर फार विसंबू नये.

४ जानेवारी २०२१ चा सोमवार. नाताळची सुटी संपून अमेरिकेतल्या कचेऱ्या उघडल्या. वर्षातल्या सर्वांत शांत दिवसांमागून एकदम सर्वांत गर्दीच्या दिवसांपैकी एक आला. शिवाय सुटीनंतर प्रत्येकाच्या यंत्राने अधिक माहिती मागितली. स्लॅकची जाळी एकमेकांस जोडणारा ॲमेझॉनचा दुवा तितक्या वेगाने मोठा झाला नाही आणि माहितीची पाकिटे गहाळ होऊ लागली. आता गंमत पाहा. वेब सर्व्हर मागच्या उत्तराची वाट पाहत बसले, म्हणून त्यांचा प्रोसेसर रिकामा दिसू लागला; आणि ‘काम कमी आहे’ असे समजून आपोआप चालणाऱ्या व्यवस्थेने सर्व्हर कमी केले! मग अडकून पडलेल्या मागण्यांचा आकडा पाहून तिनेच उलट हुकूम सोडला, आणि सकाळी ७.०१ ते ७.१५ या चौदा मिनिटांत बाराशे सर्व्हर वाढवण्याचा प्रयत्न झाला. ते सज्ज करणारी व्यवस्थाच त्या भाराने कोलमडली. कारण तिला एका वेळी किती फायली उघडता येतात यालाही मर्यादा होती. इंजिनियर पाहणी करू गेले, तर पाहणीची साधनेही त्याच दुव्यापलीकडे. अखेर ॲमेझॉनच्या माणसांनी दुवा हाताने वाढवला, तेव्हा गाडे रुळावर आले. पुढच्या सुटीच्या अखेरीस ही क्षमता आधीच मागून घ्यायची, अशी नोंद स्लॅकने करून ठेवली.

या प्रसंगात आमच्या चळवळीला ओळखीचे असे एक सत्य आहे. ताटकळणारा आणि रिकामा बसलेला हे दोघे दुरून सारखेच दिसतात. यंत्राच्या बाबतीत ही गल्लत झाली तर सर्व्हर कमी होतात. माणसाच्या बाबतीत झाली तर नोकरी जाते.

एका कचेरीत आम्हांला हेच दिसले. तेथील कारकून भगिनींना फायलींचा निपटारा मंद असल्याबद्दल नोटिसा आल्या. व्यवस्थापनाने सर्व्हरचा सरासरी वेळ पुढे केला. सरासरी निर्दोष होती. आम्ही तासवार नोंदी मागितल्या. सकाळच्या पहिल्या तासात शंभरातल्या पाच मागण्यांना सरासरीच्या कितीतरी पट वेळ लागत होता, आणि त्या बहुतेक मोठ्या फायलींच्या होत्या. त्याच फायली या भगिनींच्या वाट्याला येत. सरासरी ही अशी चादर आहे, की तिच्याखाली कोणाचे पाय उघडे पडले ते दिसत नाही. नोटिसा मागे घेतल्या गेल्या, आणि यादीला सूची लावल्यावर तक्रारही थांबली. नवे यंत्र घ्यावे लागले नाही.

तेव्हा आपल्या कचेरीत सर्व्हर वाढवण्याचा प्रश्न निघाला, तर कामगारांच्या प्रतिनिधींनी पुढील गोष्टी विचाराव्यात. अडते कोठे: खिडकीवर, डेटाबेसात, कोठारात की जाळ्यात? मोजणी सरासरीची आहे, की सर्वांत हळू पाच टक्क्यांचीही आहे? सर्वांत गर्दीच्या तासाला किती जागा मोकळी राहते? खोटी गर्दी सोडून यंत्राची परीक्षा कधी घेतली? राखीव प्रत परत बसवून पाहिली काय, आणि तिला किती वेळ लागला? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: रात्री दोन वाजता सर्व्हर पडला, तर कोण उठतो, आणि त्या जागरणाचा मोबदला व विश्रांती त्याला मिळते काय? कारण जेथे यंत्राची मोकळी जागा वाचवली जाते, तेथे ती एखाद्या तरुण इंजिनियरच्या झोपेतून भरून काढली जाते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास व त्याहून अधिक कामगारांच्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काबाबत कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात मोठ्या मालकांच्या कामगारांना असा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून मिळाला. यात कामगाराचे हित आहेच. आणि रात्री निरोप कमी फिरले तर यंत्रालाही उसंत मिळते.

सर्व्हर कसा वाढवावा हे इंजिनियर ठरवतील, आणि त्यांनीच ते ठरवावे. पण तो कोणासाठी वाढवायचा आणि वाट पाहण्याचे ओझे कोणी वाहायचे, हे ठरवताना त्याच्यापुढे रोज आठ तास बसणाऱ्याला बोलावलेच पाहिजे. त्या बैठकीत आपला माणूस नुसता तक्रार घेऊन जाऊ नये. तासवार नोंदींचा कागद हातात घेऊन जावा.