गोणींतलें नत्र कोठें जातें?

वाशीम जिल्ह्यांत श्रावणाच्या सुमारास पऱ्हाटी गुडघाभर होते आणि शेतकरी युरियाची गोणी फोडतो. ४५ किलोच्या त्या गोणींत नत्राचा भाग शेंकडा ४६, म्हणजे सुमारें २१ किलो, असतो. पिकाला हवें असतें तें हें नत्र. गोणीचे पैसे मोजावयाचे ते त्याचेच. परंतु खत ओलसर जमिनीवर उघडेंच पडलें, पुढें चार दिवस पावसानें दडी मारली, आणि वर ऊन व वारा असला, तर त्या २१ किलोंपैकीं बराच वांटा मुळांपर्यंत पोंचतच नाहीं. तो अदृश्य वायु होऊन उडून जातो. हा प्रश्न वरवर शेतीचा दिसतो. त्याचें उत्तर मात्र रसायनशास्त्राच्या एका प्रकरणांत आहे.

रासायनिक क्रिया म्हटली कीं लांकूड जळण्याचें उदाहरण डोळ्यांपुढें येतें. लांकडाची राख होते. राखेचें लांकूड होत नाहीं. पण पुष्कळ क्रिया अशा एकमार्गी नसतात. काळ्या मातींत चुनखडीचे पांढुरके खडे जागोजाग सांपडतात. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे कर्बाम्लवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. हाच चुना विझवून भिंतीला लावला कीं हवेंतला तोच वायु हळूहळू परत घेतो आणि पुन्हां चुनखडी होऊन बसतो. जुन्या वाड्यांच्या भिंती घट्ट होत गेल्या त्या अशा. भट्टींत हवेचा ओघ असतो, वायु वाहून जातो, म्हणून भाजण्याचें काम पुरें होतें. तीच चुनखडी घट्ट बंद भांड्यांत तापविली तर थोडा वायु सुटतो, आणि मग सारें थांबल्यासारखें दिसतें.

वास्तविक कांहींच थांबलेलें नसतें. लग्नघरांत ओसरी व माजघर यांच्यामध्यें माणसांची सारखी ये-जा चालू असते. घटकाभर निरीक्षण करणाराला ओसरीवर वीस आणि माजघरांत चाळीस असा आंकडा कायम दिसतो; पण तीच वीस माणसें तेथें बसून असतात असें नव्हे. जितकीं आंत जातात तितकींच बाहेर येतात, एवढेंच. यालाच समतोल म्हणतात. आतां ओसरीवरील मंडळींना कोणी मांडवांत बोलावून नेलें, तर बाहेर येणाऱ्यांचा ओघ चालूच राहतो, परत जाणारें मात्र कोणी उरत नाहीं. आणि पाहतां पाहतां माजघर रिकामें होतें. भट्टींतल्या हवेचा ओघ हेंच करतो.

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें. १७९८ सालीं तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता. तेथील खाऱ्या तळ्यांच्या कांठीं सोड्याचे थर पाहून तो विचारांत पडला. कारण प्रयोगशाळेंत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले असतां मीठ व चुनखडी तयार होतात, आणि येथें तर मीठ व चुनखडी यांच्यापासूनच सोडा झालेला दिसत होता. मीठ इतकें विपुल होतें कीं त्यानें क्रियेला उलट दिशेनें लोटलें होतें. रिसोडच्या पश्चिमेस, थोड्याच अंतरावर, बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें सरोवर आहे. तेथेंहि उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठाला सोड्याची पांढरी पपडी धरते. लोणारच्या सोड्याची उत्पत्ति इजिप्तसारखीच आहे असें मात्र समजूं नये.

पुढें १८६४ सालीं नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनीं पदार्थाचें प्रमाण व क्रियेचा जोर यांचा हिशेब बांधून दिला. १८८४ त ल शातेलिए यानें एक व्यापक नियम सांगितला: समतोलावर बाहेरून जो बदल लादावा, त्याची तीव्रता कमी होईल अशा बाजूस समतोल झुकतो. उष्णता वाढविली तर उष्णता शोषणारी क्रिया जोर धरते. दाब वाढविला तर जिकडे वायूंचें आकारमान कमी, तिकडे क्रिया वळते.

युरियाचा जन्मच या नियमावर झाला आहे. युरियासाठीं अमोनिया लागतो, आणि अमोनिया होतो हवेंतील नत्र व हायड्रोजन यांच्यापासून. एक भाग नत्र व तीन भाग हायड्रोजन मिळून चार भागांचे दोनच भाग होतात; म्हणजे दाब जितका अधिक तितकें बरें. या क्रियेंत उष्णता बाहेर पडते. म्हणजे थंडपणा बरा. पण थंडींत ही क्रिया इतकी मंद चालते कीं कारखाना चालविणाराचें आयुष्य संपावें! फ्रिट्झ हाबर यानें १९०९ सालीं ही अडचण सोडविली, आणि बॉश याच्या यंत्रविद्येनें १९१३ त जर्मनींतील ओपाऊ येथें कारखाना उभा राहिला. सुमारें २०० वातावरणांचा दाब, ४०० ते ५०० अंश उष्णता आणि लोखंडाचा उत्प्रेरक, असा तो तडजोडीचा मार्ग. लोखंड क्रिया जलद करतें. समतोल कोठें बसावा हें तें ठरवीत नाहीं, कारण दोन्ही दिशांची गति तें सारखीच वाढवितें. एका फेरींत सुमारें शेंकडा १५ वायूंचाच अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपानें काढून घेतात आणि उरलेले वायु पुन्हां भांड्यांत सोडतात. येथेंहि ओसरी रिकामी करण्याचीच युक्ति! महाराष्ट्रांत ट्रॉम्बेचा खत-कारखाना १९६५ सालीं सुरू झाला, आणि मागाहून अलिबागेजवळ थळ येथेंहि मोठा कारखाना झाला.

इतक्या प्रयासानें बांधलेलें नत्र वऱ्हाडच्या शेतांत पडलें कीं एक दुसराच समतोल त्याला गांठतो. मातींतील युरिएज नांवाचें द्रव्य युरियाचें विघटन करतें आणि त्याचा अमोनियम होतो. अमोनियम मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतो. तो पिकाच्या उपयोगाचा. पण अमोनियम व मोकळा अमोनिया यांच्यामध्यें सारखी अदलाबदल चालते, आणि अमोनिया हा वायु आहे. पारडें कोणीकडे झुकावें हें मुख्यतः जमिनीचा सामू ठरवितो. पंचवीस अंश उष्णतेला सामू ७.२५ असल्यास शंभरांत एकच भाग अमोनियाचा असतो, ८.२५ ला नऊ भाग होतात, ९.२५ ला निम्मे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, आणि युरिया विरघळतांना दाण्याभोंवतालची माती कांहीं काळ त्याहूनहि अल्कधर्मी होते. शिवाय ऊन वाढलें कीं समतोल अमोनियाकडे सरकतो, आणि वारा तो अमोनिया उचलून नेतो. मग जागा भरून काढण्यासाठीं आणखी अमोनियम मोकळा होतो, तोहि जातो. उघड्यावरचें खत म्हणजे दार उघडें टाकलेली भट्टी.

सर्वांत वाईट पाऊस म्हणजे भुरभुर. ती खत विरघळविते, विघटनास लागणारी ओल देते, पण खत खोल नेत नाहीं. चांगला पाऊस किंवा गव्हाला दिलेलें विहिरीचें पाणी विरघळलेल्या युरियाला दोन-तीन इंच खालीं उतरवितें. मग तेथें होणारा अमोनियम मातीचे कण धरून ठेवतात, आणि वाऱ्याचा हात तेथपर्यंत पोंचत नाहीं. पाण्याची सोय नसेल तेथें खत तासाच्या कडेला देऊन लगोलग डवरणी केली असतां वर मातीचा थर येतो आणि काम बहुतांशीं साधतें. थोडें थोडें करून दोन-तीन वेळां देण्याचाहि उपयोग होतो. एका जागीं एकदम फार साठा झाला नाहीं म्हणजे तेथला सामू तितका चढत नाहीं. सोयाबीनच्या मुळांवरील गांठी मात्र स्वतःच हवेंतून नत्र मिळवितात, तेव्हां त्या पिकावर वरून युरिया ओतण्याचें कारण क्वचितच पडतें.

२०१५ पासून देशांतल्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. त्यामुळें खत उडत नाहीं, अशी अनेकांची समजूत असते. तो लेप मुख्यतः अमोनियमचें नायट्रेट होणें लांबवितो, म्हणजे पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या नत्राची बचत करतो. वाऱ्याबरोबर जाणाऱ्या अमोनियावर त्याचा भरंवसा ठेवून चालत नाहीं. त्याकरितां डवराच जुंपावा लागतो, आणि तोहि खत पडल्याच्या दिवशींच.