पाहिलंत की ऐकलंत?

दोस्तांनो, कपिलधारला कधी गेलाय का? बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. मन्मथस्वामींची समाधी, जवळच कड्यावरून पडणारी पाण्याची धार आणि कार्तिकी पौर्णिमेला भरणारी मोठी यात्रा. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. वाटेत कुणालाही विचारा, "मामा, कपिलधार किती लांब?" उत्तर ठरलेलं, "हे काय, इथंच हाय की!" मग चाला आणखी तासभर!

आठवीत असताना मी आजीबरोबर या यात्रेला गेलो होतो. गर्दीत एका म्हातारीचा पैशांचा बटवा गेला. जवळच नारळ-फुलं विकणारा एक पोरगा उभा होता, माझ्याच वयाचा. "यानंच घेतला!" कुणीतरी ओरडलं आणि पाच-सहा बाया पुढं आल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, "आम्ही या डोळ्यांनी पाहिलं." एका गड्यानं तर पोराची गचांडीच धरली.

आमच्या दिंडीत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी आधी त्या गड्याचा हात सोडवला आणि मग एकेकीला बाजूला घेऊन विचारायला सुरुवात केली. "मावशी, तुम्ही कुठं उभ्या होता? तोंड कुणीकडं होतं?" पहिली म्हणाली, "मी बांगड्या भरत होते. पण ह्या सांगतात ना!" तिनं दुसरीकडं बोट दाखवलं, दुसरीनं तिसरीकडं, तिसरीनं चौथीकडं. शेवटी एकच बाई उरली, जिनं खरोखर काही पाहिलं होतं. काय? तर पोरगा खाली वाकला होता. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती, गर्दीत निघालेली ती चप्पल तो शोधत होता.

पोराला सोडलं. बटवा काही सापडला नाही आणि ती म्हातारी जाईपर्यंत त्याच्याकडं रागानंच बघत होती. गंमत म्हणजे त्या बायांपैकी एकीही खोटारडी नव्हती. एकीनं सांगितलेलं सगळ्यांचं 'पाहिलेलं' होऊन बसलं होतं, एवढंच.

परवा माझ्या पुतणीनं विचारलं, "काका, ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे ना, तिथले लीगल ऑफिसर दिवसभर करतात तरी काय?" आणि मला एकदम ते गुरुजी आठवले.

हे न्यायालय नेदरलँड्समधल्या हेग शहरात आहे. १९९८ साली रोममध्ये झालेल्या करारानं ते ठरलं आणि १ जुलै २००२ पासून तो करार लागू झाला. वंशसंहार, युद्धातले अत्याचार अशा भयंकर गुन्ह्यांबद्दल तिथं देशांवर नव्हे, तर माणसांवर खटले चालतात. त्याच्याही आधी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं अशी दोन न्यायालयं स्थापली होती. १९९३ मध्ये युगोस्लाव्हियासाठी आणि १९९४ मध्ये रवांडासाठी. यातलं रवांडाचं न्यायालय टांझानियातल्या अरुशा गावी बसायचं. लीगल ऑफिसरचं काम समजून घ्यायला त्याच न्यायालयातला एक खटला बघू.

रवांडा हा आफ्रिकेतला छोटा, डोंगराळ देश. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत तिथं आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यांतली बहुतेक तुत्सी जमातीची. ताबा नावाच्या भागाचा प्रमुख होता जाँ-पॉल अकायेसू. आधीचा शाळामास्तर! त्याच्या भागात निदान दोन हजार तुत्सी मारले गेले. जानेवारी १९९७ मध्ये त्याच्यावर खटला सुरू झाला. समोर तीन न्यायाधीश. त्यांतल्या एक नवी पिल्लै, दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या, तमिळ घराण्यातल्या, एका बस ड्रायव्हरची मुलगी.

साक्षीदार होते ताबाचे खेडूत. त्यांच्या जिवाला धोका, म्हणून नावाऐवजी नुसती अक्षरं, 'साक्षीदार जेजे' वगैरे. ते बोलायचे किन्यारवांडा भाषेत, दुभाषी त्याचं फ्रेंच करायचा, दुसरा फ्रेंचचं इंग्रजी करायचा. किती वाजता, किती तारखेला, किती अंतरावर असं विचारलं की साक्षीदार गोंधळायचे. नकाशा पुढं केला तर आणखीनच! आपल्या 'इथंच हाय की'ची आठवण झाली ना? बचावाचा वकील लगेच म्हणणार, बघा, याला धड सांगता येत नाही.

त्यात गावात ऐकलेली गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगायची तिथं रीतच होती. न्यायाधीशांनी एका भाषातज्ज्ञाला बोलावून हे समजून घेतलं आणि निकालपत्रात तसं लिहिलंही. साक्षीदाराला नीट विचारलं, की पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं हे तो स्वतःच वेगळं करून सांगतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे गुरुजींचीच पद्धत!

आता लीगल ऑफिसर. सिनेमातल्यासारखी जोरदार भाषणं हे त्याचं काम नव्हे. तो न्यायाधीशांच्या कचेरीत बसतो (वकिली करणाऱ्या दोन्ही बाजूंकडेही असे कायदेतज्ज्ञ असतात, ते वेगळे). जबानीचं पानन् पान तो वाचतो आणि टिपण तयार करतो. कोणत्या घटनेला कोण प्रत्यक्ष हजर होतं? कोणाचं ऐकीव आहे? याच माणसानं पूर्वी तपास अधिकाऱ्यांना वेगळं सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर ती फसवाफसवी, की दुभाष्याची चूक? निकालपत्रातल्या प्रत्येक विधानाखाली तळटीप लागते, अमक्या दिवशीची अमकी जबानी. तळटीप नसेल तर वाक्य कितीही खरं वाटो, ते खोडायचं. शेवटचा निर्णय न्यायाधीशांचाच, पण तो उभा राहतो या टिपणांवर.

अकायेसूच्या खटल्यात तर एकेका शब्दावर अडलं होतं. १९ एप्रिल १९९४ च्या पहाटे त्यानं जमावापुढं भाषण केलं, की 'इन्कोतान्यी'च्या साथीदारांना संपवा. इन्कोतान्यी म्हणजे सरकारविरुद्ध लढणारे बंडखोर. मग यात तुत्सी कुठं आले? शब्दकोशात तर नव्हते! पण त्या दिवसांत, त्या गावात ऐकणाऱ्यांच्या कानी या शब्दाचा अर्थ 'सगळे तुत्सी' असाच पोचत होता आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक होतं, हे साक्षी-पुराव्यांतून सिद्ध झालं.

आणखी एक गोष्ट. आधीच्या आरोपपत्रात स्त्रियांवरच्या अत्याचारांचा उल्लेखच नव्हता. एक बाई साक्ष देता देता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर ओढवलेला प्रसंग बोलून गेली. न्यायाधीशांनी ते वाक्य निसटू दिलं नाही, पुढं विचारलं. जून १९९७ मध्ये आरोपपत्रात नव्या आरोपांची भर पडली. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ठोठावलेला हा पहिलाच दोष, शिक्षा जन्मठेप. पण पंधरा आरोपांपैकी सिद्ध झाले नऊच. उरलेल्या सहांतून तो सुटला. १८ एप्रिलपर्यंत त्यानं गावात मारहाण थांबवायचा प्रयत्न केला होता, हेही निकालपत्रात नोंदलेलं आहे. इतक्या मोठ्या गुन्हेगाराच्या बाजूचंही कशाला लिहायचं, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. मग तो एका चपलेचा पोरगा आठवला.

हेगच्या न्यायालयाचा पहिला निकाल तर तुमच्याच वयाच्या मुलांबद्दल होता. काँगोमधल्या थॉमस लुबांगानं पंधरा वर्षांखालच्या मुलांना सैन्यात ओढलं, लढाईत वापरलं. मार्च २०१२ मध्ये तो दोषी ठरला, पुढं चौदा वर्षांची शिक्षा झाली. पण मुलगा पंधराच्या आतला होता, हे ठरवायचं कसं? जन्मदाखला कुठला? आमची आजीसुद्धा वय सांगायची ते 'बाहत्तरच्या दुष्काळात तू रांगत होतास' असं! बालसैनिक म्हणून साक्षीला आलेल्या अनेकांच्या जबान्या न्यायाधीशांना भरवशाच्या वाटल्या नाहीत, त्या बाजूला ठेवल्या गेल्या. ज्या चित्रफितींत मुलं उघड उघड लहान दिसत होती, त्या उपयोगी पडल्या.

दिवसाचे आठ तास हे असलं वाचायचं म्हणजे सोपं नाही. रात्री झोप लागत नाही, म्हणून अशा न्यायालयांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक ठेवलेले असतात.

पुतणीचा पुढचा प्रश्न अर्थातच, "मला मिळेल का ही नोकरी?" कायद्याची पदवी हवी, इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम हवं, दोन्ही असेल तर फारच छान. फौजदारी खटल्यांचा काही वर्षांचा अनुभवही लागतो, आणि तो बीडच्या जिल्हा न्यायालयातला असला तरी चालतो की! एक अडचण मात्र आहे. रोमला मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि या न्यायालयाचा सदस्य झाला नाही. नोकरीत प्राधान्य सदस्य देशांच्या नागरिकांना मिळतं. अरुशाचं न्यायालय संयुक्त राष्ट्रांचं होतं, तिथं ही अट नव्हती, पण ते २०१५ च्या अखेरीस बंद झालं.

हे ऐकून ती हिरमुसेल असं वाटलं होतं. पण तिनं एवढंच विचारलं, "फ्रेंच बीडमध्ये कुठं शिकवतात?" चौकशी केली, आमच्या ओळखीत कुणी सापडलं नाही. सध्या ती मोबाइलवर धडे ऐकते आणि सकाळी चहा मागताना आम्हाला 'सिल व्हू प्ले' म्हणते.