चढ-उताराचा रविवार

मी सिंधुदुर्गातला. फ्लोरिडातल्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून दर रविवारी सुटणाऱ्या आणि सात रात्रींत कॅरिबियन बेटं फिरवून आणणाऱ्या एका मोठ्या बोटीवर केबिन स्टुअर्ड आहे. हल्ली आपल्याकडची पुष्कळ मंडळी क्रूझला येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: टिप किती द्यायची, कोणाला द्यायची, आणि सोबत काही भेटवस्तू आणली तर चालते का? याचं उत्तर आमच्या रविवारात सापडतं. सकाळी जुने पाहुणे उतरतात, दुपारी नवे चढतात, आणि आमची बरीचशी मिळकत या एका दिवसात ठरते.

पहाटे 5.00

बोट धक्क्याला लागत असते. आमची केबिन पाण्याच्या पातळीखाली आहे, खिडकी नाही. एकावर एक दोन पलंग, माणशी एक अरुंद कपाट आणि कोपऱ्यात न्हाणीघर. माझा जोडीदार इंडोनेशियाचा. सहा-सात महिन्यांच्या काँट्रॅक्टमध्ये दोघांचा सगळा संसार एवढ्या जागेत मावतो. भेटवस्तूंचा विषय निघेल तेव्हा हे कपाट लक्षात ठेवा.

बोटीच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब पॅसेज जातो. अमेरिकेतल्या महामार्गाच्या नावावरून त्याला ‘आय-95’ म्हणतात. रविवारी तिथे चालायला जागा नसते. पाहुण्यांनी रात्री दाराबाहेर ठेवलेल्या बॅगा एका बाजूने बाहेर निघालेल्या असतात आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या आठवड्याची भाजी, दूध, मासे, पाण्याच्या बाटल्या आत येत असतात. हे करणारी माणसं पाहुण्यांना आठवडाभरात एकदाही दिसत नाहीत.

सकाळी 6.30

क्रू मेसमध्ये भात आणि अंडी. भात सकाळीही असतो, कारण खाणारे बहुतेक फिलिपीन्स, इंडोनेशिया आणि भारतातले. दहा मिनिटांत ताट संपवून मी वर माझ्या सेक्शनला जातो. सेक्शन म्हणजे माझ्या वाटणीच्या केबिन. अठरा आहेत.

सकाळी 7.00 ते 9.30

निरोपाची वेळ. मी पॅसेजमध्ये उभा असतो. कुणी हात जोडतं, कुणाचं लहान मूल येऊन बिलगतं. काही जण हातात पाकीट ठेवतात, बरेच जण नुसते हसून जातात. त्या हसणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी रोजची ठरलेली रक्कम भरलेली असेल, तर माझं देणं त्यांनी दिलेलं आहे.

ही रोजची रक्कम नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर प्रत्येक पाहुण्याच्या खात्यावर दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर टिप म्हणून आपोआप लागतात. 18 डॉलर धरले तर सात रात्रींचे जोडप्याचे 252 आणि चौघांच्या कुटुंबाचे 504 डॉलर होतात. तिकीट काढताना हा आकडा ठळकपणे समोर येत नाही. शेवटच्या रात्री बिलात दिसतो आणि धक्का बसतो. मग रविवारी सकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरपुढे रांग लागते. त्या रांगेतले काही जण एवढंच सांगायला आलेले असतात, की आमच्या खात्यावरची टिप काढून टाका.

टिप काढून घ्यायला नियमाने परवानगी आहे. काउंटरवरची मुलगी एक-दोन प्रश्न विचारते आणि रक्कम उतरवते. आपल्या लोकांना वाटतं, वाचलेल्या पैशातले वीस डॉलर आपण स्टुअर्डच्या हातात दिले की झालं. तसं होत नाही. ती रक्कम एकट्या स्टुअर्डची नसते. तिच्यात जेवणघरातले वेटर असतात आणि कंपनीच्या पद्धतीप्रमाणे पाहुण्यांना कधीच न दिसणारे इतर विभागही असतात. शिवाय काही कंपन्यांचा नियम असा, की पाहुण्याने रोजची टिप काढली असेल तर त्याने हातात दिलेली रोखही सामाईक खात्यात जमा करायची. म्हणजे रोजची टिप तर जातेच, आणि प्रेमाने दिलेले वीस डॉलरही स्टुअर्डकडे राहत नाहीत.

माझ्या काँट्रॅक्टमध्ये मूळ पगार लहान आणि या रकमेतला वाटा मोठा आहे. म्हणून मी तिला टिप मानत नाही, ती मजुरी आहे. मजुरी थेट पगारातच द्यायला हवी, हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये ही वेगळी आकारणी बंद केली. रीजंट, सीबोर्न, सिल्व्हरसी यांसारख्या महागड्या कंपन्या टिप तिकिटातच धरतात. सगळ्यांनी तसं करावं. पण जोवर तसं होत नाही, तोवर तत्त्वासाठी टिप कापणाऱ्या पाहुण्याचा निषेध कंपनीपर्यंत पोहोचत नाही. तो चादरी बदलणाऱ्याच्या खिशातून वसूल होतो.

सकाळी 9.30 ते दुपारी 1.00

शेवटचा पाहुणा उतरला की आमची धावपळ सुरू होते. अठरा केबिनच्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल बदलायचे, न्हाणीघरं घासायची, कपाटं आणि ड्रॉवर उघडून तपासायचे, रिमोटपासून दाराच्या मुठीपर्यंत सगळं जंतुनाशकाने पुसायचं. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या बोटींची तिथलं आरोग्य खातं न सांगता तपासणी करतं. 100 पैकी 85 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस एका केबिनमधून अख्ख्या बोटीत पसरू शकतो, म्हणून यात हयगय चालत नाही.

पाहुण्यांनी मागे ठेवलेल्या भेटी याच वेळी सापडतात. उशीवर पाकीट, टेबलावर चॉकलेटचा डबा, कधी हाताला लावायचं क्रीम. रविवारी दुपारपर्यंत रसायनांनी हातांची सालं निघायला लागतात, तेव्हा ते क्रीम आणणाऱ्याने किती बारकाईने पाहिलं असेल ते कळतं.

पण चिठ्ठी नसेल तर यातल्या कुठल्याच वस्तूला मी हात लावू शकत नाही. रिकाम्या केबिनमध्ये सापडलेली वस्तू हरवलेली धरली जाते आणि ती जमा करावी लागते. नवा हेडफोन टेबलावर आहे. पाहुणा विसरला की त्याने मला दिला, हे सिक्युरिटीला कोण सांगणार? ‘हे आमच्या स्टुअर्डसाठी’ एवढी ओळ, खाली केबिन नंबर आणि सही, इतकं पुरतं. त्याहून सोपं म्हणजे उतरण्याआधी हातात द्यावं.

काय देऊ नये, तेही सांगतो. घरी केलेला किंवा उघडलेला खाऊ नको. स्वच्छतेच्या नियमामुळे तो टाकावा लागतो आणि टाकताना जीव तुटतो. दारूची बाटली नको, क्रूला ती ठेवता येत नाही. उरलेला शाम्पू आणि वापरलेले कपडे नकोत. मोठं टेडी बेअर नको, ते ठेवायला कपाट नाही आणि घरी जाताना विमानात सामानाचं वजन मोजलं जातं. वेगवेगळ्या देशांची नाणी नकोत, ती कुठे बदलून मिळत नाहीत. डॉलरची छोटी नोट, पाकीटबंद खाऊ, फोनची चार्जिंग केबल, चांगलं पेन हे सगळं चालतं.

दुपारी 1.00

वीस मिनिटं मोकळी मिळतात. उन्हाळ्यात इथला एक म्हणजे घरी रात्रीचे साडेदहा. आई जागी असते. “जेवलंस रे?” हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा, चतुर्थीला येणार काय. काँट्रॅक्टच्या तारखा कंपनी ठरवते, त्यामुळे कोकणातल्या आणि गोव्यातल्या कित्येक घरांत बोटीवरचा मुलगा गणपतीची आरती फोनवर पाहतो. धाकट्या बहिणीची फी, घराचं छप्पर, वडिलांची औषधं याच पैशांतून होतात. रोजच्या टिपेतला वाटा पगारात जोडून येतो. हातात आलेली रोख इथल्या खर्चाला लागते: इंटरनेटचं पॅक, साबण, बंदरावरचं एखादं जेवण. ज्यांना सुटी मिळते ते बंदराच्या आवारातल्या ‘सीफेअरर्स हाउस’ या खलाशांच्या केंद्रात जाऊन घरी फोन लावतात. केबिन स्टुअर्डला रविवारी तेवढी सवड नसते.

दुपारी 1.30 ते 4.00

केबिन उघडल्या की नवे पाहुणे येतात. मी दारोदार जाऊन नाव सांगतो. आज ठाण्याचं एक जोडपं आहे. टूरबरोबर आलेत. माझ्या छातीवरच्या पट्टीवर देशाचं नाव वाचून काकूंनी लगेच विचारलं, “मराठी येतं का रे तुला?”

“वेंगुर्ल्याचा आहे, काकू.”

मग काकांनी सरळ विषय काढला. “टिपचे पैसे आम्ही टूरवाल्यांकडे आधीच भरलेत. तुला वेगळे किती द्यायचे?”

“भरले असतील तर माझं देणं पोचलं, काका. फक्त टूर मॅनेजरना एकदा विचारा, ते पैसे बोटीच्या टिपचेच आहेत ना. पुष्कळदा बस-ड्रायव्हर आणि गाइडचे वेगळे असतात.”

“आणि त्यावर?”

“त्यावर मनात आलं तर. नाही आलं तरी टॉवेल रोज बदलणार.”

काकू म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी काहीतरी देऊन ठेवलं की जास्त लक्ष देतात, असं आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात.” मी नाही म्हणालो. पहिल्या दिवशी दिलेलं पाकीट मी आनंदाने घेईन, पण त्यासाठी शेजारच्या केबिनचं काम मागे ठेवणार नाही. ज्यांना काही जास्तीचं लागतं, म्हणजे आजारी माणसासाठी वेगळ्या उशा, लहान मुलासाठी रोज बाथटबची सफाई, त्यांनी आधी दिलं तर योग्यच. बाकीच्यांनी शेवटच्या दिवशी, काम पाहून द्यावं.

धक्क्यावर बॅगा उचलणारे हमाल बोटीचे नोकर नसतात. ते बंदराचे कामगार. त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर तिथेच द्यायची पद्धत आहे. बारमध्ये प्रत्येक पेयाच्या बिलात 18 ते 20 टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं असतं, तिथे पुन्हा टिपची ओळ कोरी सोडली तरी चालते.

दुपारी 4.00

बोट सुटण्यापूर्वी आपत्कालीन सूचना. इटलीजवळ 13 जानेवारी 2012 रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि 32 माणसं गेली. त्यावेळी नव्याने चढलेल्या कित्येक पाहुण्यांना बाहेर पडण्याची रीत सांगून झालेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. जीवरक्षक नौकांजवळच्या ठरलेल्या जागी मी नारिंगी जॅकेट घालून उभा राहतो आणि माझ्या यादीतली प्रत्येक व्यक्ती येऊन गेली का ते पाहतो. सकाळी संडास घासणारा माणूस आणीबाणीत तुम्हाला नौकेत बसवणारा असतो. त्याचं प्रशिक्षण झालेलं असतं, परीक्षा दिलेली असते. टिप देताना हेही मनात असू द्यावं.

संध्याकाळी 6.30 ते 9.30

पाहुणे जेवायला जातात तेव्हा दुसरी फेरी. पलंग रात्रीसाठी तयार करायचे, पडदे ओढायचे, उद्याचा कार्यक्रम ठेवायचा, टॉवेलचा हत्ती किंवा माकड करून पलंगावर बसवायचं. मुलांना ते फार आवडतं.

पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या या कामात विश्रांतीचाही नियम आहे. सागरी कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार 2006 मध्ये झाला आणि 2013 मध्ये लागू झाला. भारतानेही तो स्वीकारला आहे. त्याप्रमाणे आम्हाला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळायला हवी. ती दोन तुकड्यांत विभागता येते आणि त्यातला एक किमान 6 तासांचा हवा. आठवड्याला मिळून किमान 77 तास विश्रांती. आठवड्याची सुटी मात्र नाही. काँट्रॅक्ट संपेपर्यंत रोज काम असतं.

रात्री 10.30

केबिनमध्ये येऊन सकाळची पाकिटं उघडतो. आज पाच आहेत. त्यांपैकी एकात पैसे नाहीत, आमच्या हाउसकीपिंग मॅनेजरला लिहिलेल्या पत्राची प्रत आहे. पाहुण्याने माझं नाव, केबिन नंबर आणि मी नेमकं काय केलं ते लिहिलं आहे: आजीला मध्यरात्री ताप आला तेव्हा मी डॉक्टरांना बोलावलं होतं. असं पत्र माझ्या नोंदीत जातं. पुढचं काँट्रॅक्ट, बढती, चांगला सेक्शन या गोष्टी ठरवताना ते पाहिलं जातं. वीस डॉलर महिन्याभरात संपतात; हा कागद पुढची कित्येक वर्षं कामाला येतो.

तेव्हा क्रूझला निघणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असं. तिकीट काढतानाच रोजची टिप किती आणि ती तिकिटात आहे की नाही ते विचारा आणि खर्चात धरा. ती कापू नका. सेवा खरोखर वाईट मिळाली तर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी तक्रार करा, ती सुधारता येते. वर काही द्यावंसं वाटलं तर लहान द्या, हातात द्या किंवा चिठ्ठीसह ठेवा. आणि खिशात काहीच उरलं नसेल, तर उतरण्याआधी पाच मिनिटं काढून तुमची खोली आवरणाऱ्याचं, ताट वाढणाऱ्याचं पूर्ण नाव बोटीच्या अभिप्रायात लिहा.