आई की बहीण?

मे 1944. ऑश्विट्झच्या छळछावणीत निवडीची रांग लागली होती. छावणीतला नाझी डॉक्टर जोसेफ मेंगेले याने सोळा वर्षांच्या एडिथला विचारलं, ही तुझी आई की बहीण? पोरीने खरं ते सांगितलं. आई. ‘बहीण’ म्हटलं असतं तर कदाचित आईची रवानगी मुलींबरोबर झाली असती. आईला डावीकडच्या रांगेत पाठवलं गेलं. ती रांग गॅस चेंबरकडे जात होती.

त्याच दिवशी मेंगेलेने एडिथला नाचायला लावलं आणि बक्षीस म्हणून पाव दिला. एडिथ ईगर यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण या नाचावर रेंगाळतात. दृश्य आहेच तसं. पण पुढे त्या मानसोपचारतज्ज्ञ झाल्या, त्या वाटेची सुरुवात मला रांगेतल्या त्या एका शब्दापाशी दिसते.

मे 1945 मध्ये ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्खेनला अमेरिकी सैनिकांनी तिला मृतदेहांच्या ढिगातून बाहेर काढलं, तेव्हा तिची पाठ मोडलेली होती. 1949 साली नवरा आणि लहान मुलगी यांच्यासह ती अमेरिकेत आली. मग सुरू झाली गप्प राहण्याची वर्षं. घर, नोकरी, परकी भाषा आणि छावणीबद्दल अवाक्षर नाही. विद्यापीठात कुणीतरी हातात छळछावणीतूनच वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल यांचं पुस्तक दिलं (मराठीत ते ‘अर्थाच्या शोधात’ म्हणून आलं आहे), तेव्हा कुठे कुलूप किलकिलं झालं.

1978 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, म्हणजे पन्नाशीत. आघातानंतरच्या तणावविकाराला अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, 1980 मध्ये. त्यांच्याकडे व्हिएतनामहून परतलेले सैनिक येत, तशाच साध्या घरांतल्या बायकाही. एकदा पाठोपाठ दोघी आल्या. एकीची मुलगी मरणाच्या दारात होती. दुसरी रडत होती, कारण नव्या कॅडिलॅकचा पिवळा रंग मनासारखा नव्हता. ऑश्विट्झ पाहिलेल्या बाईने दुसरीला हसून वाटेला लावलं असतं तर कुणी दोष दिला नसता. ईगर यांनी ऐकून घेतलं. रंगाच्या रागाखाली संसारातली निराशा साठलेली होती. दुःखांची उतरंड लावायची नाही, हे त्यांच्या कामाचं मूळ सूत्र. स्वतःचं दुःख सर्वांत मोठं, असं म्हणण्याचा हक्क असलेल्या माणसाने ते सांगावं, याला मी फार मानतो.

सोसलेलं असलं की दुसऱ्याचं कळतं, असं आपण सहज म्हणून जातो. सोसलेला माणूस स्वतःचीच जखम समोरच्यावर लादू शकतो, हेही तितकंच खरं. ईगर दुसऱ्यांना सांगत, जिथे दुखतं तिथे परत जा. आणि स्वतः मात्र गेल्या नव्हत्या. ही विसंगती त्यांना छळत राहिली. अखेर ऐंशीच्या दशकात त्या ऑश्विट्झला गेल्या. त्या रांगेच्या जागी उभं राहून त्यांनी आधी माफ केलं ते ‘आई’ म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला.

‘द चॉइस’ हे आत्मकथन 2017 मध्ये आलं, नव्वदीच्या उंबरठ्यावर. निवड आपल्या हाती असते, हे त्यातलं वाक्य आता भिंतीवरच्या सुविचारासारखं वापरलं जातं. त्या पुस्तकातलं एक पान मात्र कुणी टांगत नाही. छावणीत शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिलेली थोरली बहीण मॅग्डा हिलाही त्यांनी ऑश्विट्झला चल म्हटलं होतं. ती गेली नाही.