एक्सएलपीई केबल : उष्णता सोसते, हलगर्जीपणा नाही

आपले अनेक बांधव इलेक्ट्रिकल मालाचे दुकान चालवितात, वायरिंगचा ठेका घेतात; काहीजण केबल जोडणीचे काम करतात. ‘एक्सएलपीई’ हे नाव त्यांच्या रोजच्या कानावरचे आहे. हा माल नेमका काय आहे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पूर्वी उच्च दाबाच्या केबलमध्ये तारेभोवती तेलात भिजविलेला कागद गुंडाळून वर शिशाचे आवरण चढवीत. माल जड आणि जोड करणे मेहनतीचे. पॉलिथिन विजेला उत्तम अडविते, पण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधकांनी केबलसाठी यावर तोड काढली. पॉलिथिनमध्ये पेरॉक्साइड मिसळून ते तारेवर चढवायचे आणि दाबाखाली तापवायचे. मग त्याच्या सुट्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जाळे बनते. सुटे सूत आणि मागावर विणलेले कापड यांत जो फरक, तोच येथे समजावा.

पीव्हीसीची साधी केबल सतत ७० अंशांपर्यंत चालते, एक्सएलपीई ९० अंशांपर्यंत. शॉर्टसर्किटच्या क्षणी पीव्हीसीची मर्यादा १६० अंश, तर हिची २५० अंश आहे. म्हणून तेवढ्याच जाडीच्या तारेतून जास्त प्रवाह नेता येतो.

मात्र पाणी हा तिचा शत्रू. विजेच्या दाबाखाली ओल आवरणात झिरपली, तर झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा पसरतात आणि काही वर्षांनी केबल फुटते. यासाठी कापलेल्या टोकावर ताबडतोब टोपी चढवावी. ११ के.व्ही.चा जोड करताना वरचा काळा अर्धवाहक थर काढावा लागतो. त्या वेळी सुरी आतल्या आवरणाला लागू देऊ नये. सुरीच्या खाचेत हवा राहिली किंवा काळा कण चिकटून राहिला, तर तेथे सूक्ष्म ठिणग्या पडत राहतात व आवरण आतून पोखरले जाते. वरून स्लीव्ह बसली की ही चूक दिसत नाही.

दुकानदारांनी केबलवरील छपाई वाचूनच माल द्यावा. ११०० व्होल्टपर्यंतच्या एक्सएलपीई केबलसाठी आयएस ७०९८ भाग १, तर ३.३ ते ३३ के.व्ही.साठी भाग २ लागू आहे. पीव्हीसी केबलसाठी आयएस १५५४ हे वेगळे मानक आहे. भंगाराच्या व्यापाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, हे आवरण साध्या पॉलिथिनसारखे पुन्हा वितळत नाही. ते प्लॅस्टिकच्या दाण्यात मिसळले तर सारा घाणा खराब होतो.

मालातील दोष लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे. जमिनीत पुरलेला जोड गिऱ्हाईक उघडून पाहू शकत नाही. तो कारागिराच्या अमानतदारीवरच विसंबून असतो आणि त्यात कसूर झाली, तर पुढे खड्डा खणणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.