पडद्याला वाचा फुटली तेव्हा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि हिंदुस्थानातील रुपेरी पडद्याला प्रथमच वाचा फुटली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती किती सायासाने फुटली, हे चित्रपटप्रेमींनी आवर्जून जाणून घ्यावे असे आहे. स्टुडिओलगतच्या लोहमार्गावर दिवसभर गाड्यांची ये-जा चाले, म्हणून चित्रीकरण बहुतांशी रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागे. आणि ध्वनी व चित्र एकाच वेळी मुद्रित होत असल्यामुळे नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतः गावयाचे व वादकांनी चौकटीबाहेर राहून साथ करावयाची, असा रिवाज होता. मूकपटांच्या जमान्यात ज्यांचा अंमल निर्विवाद होता, त्या मास्टर विठ्ठलांना भाषेची अडचण पडल्याने नायक असूनही संवाद अगदी मोजके मिळाले.

पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीतही सिद्ध केला. १९१३ साली फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये जी तारामती साळुंके या पुरुष नटाने रंगविली होती, तिला आता दुर्गाबाई खोटे यांच्यासारख्या सुविद्य स्त्रीचा चेहरा आणि कंठही लाभला, तर हरिश्चंद्र झाले संगीत रंगभूमीचे गोविंदराव टेंबे. बोलपटाने घडविलेल्या परिवर्तनात हेच मला सर्वांत मोलाचे वाटते.

खुद्द फाळक्यांनी मात्र बोलपट म्हणून एकच चित्रपट दिग्दर्शित केला: १९३७ सालचा ‘गंगावतरण’.