तोशियुकीचा टोगो, टोगोचा ऑडजॉब

१९४८ साली लंडनच्या एम्प्रेस हॉलमध्ये आधी ऑलिम्पिकच्या कुस्त्या झाल्या, मग तिथेच वेटलिफ्टिंग. त्या कुस्त्यांत आपले खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले. थोड्याच दिवसांनी त्याच छताखाली हॅरॉल्ड साकाटा नावाच्या अमेरिकन गड्यानं लाइट-हेवीवेट गटात तीन प्रकारांत मिळून ३८० किलो उचलले आणि रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक त्याच्याच संघातल्या स्टॅन्ली स्टॅंझिकचं, ४१७.५ किलोंचं. (पंचांनी मान्य केलेली उचल, गुडघा जमिनीला टेकला म्हणून, त्यानं आपणहून नाकारली होती.)

साकाटाचं मूळ नाव तोशियुकी. जन्म १९२० चा, हवाई बेटांवरच्या कॉफीच्या पट्ट्यातल्या होलुआलोआ गावचा. अठराव्या वर्षी वजन जेमतेम ५१ किलो. इतरांसारखं भरदार दिसावं म्हणून पोरानं वजनं उचलायला घेतली आणि दहा वर्षांत ऑलिम्पिक गाठलं.

पण पदकावर पोट भरत नव्हतं. प्रो-रेसलिंगवर भरत होतं. आपल्या तालमीत जिला नूरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, कुस्ती म्हणून हिणवतात, तिचाच तिथे राजरोस धंदा होता, आणि त्या धंद्याला खलनायक लागत. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला लोक विसरले नव्हते. जपानी चेहऱ्याच्या माणसाला कोणतं काम मिळणार, हे सांगायला नको. साकाटा ‘टॉश टोगो’ झाला, ‘ग्रेट टोगो’ नावाच्या दुसऱ्या मल्लाचा नकली भाऊ. ज्या देशासाठी त्यानं पदक आणलं, त्याच देशाचे प्रेक्षक तिकीट काढून त्याला शिव्या घालू लागले. मला या सगळ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

१९५१ मध्ये बॉबी ब्रन्स या मल्लाच्या ताफ्यातून तो जपानला गेला. तिथे सुमो सोडून बसलेला रिकिदोझान या मंडळींच्या नादानं रिंगणात उतरला. पुढे धिप्पाड अमेरिकनांना लोळवून हाच रिकिदोझान हरलेल्या जपानचा लाडका झाला. गंमत अशी, की तो जन्मानं कोरियन होता. म्हणजे या धंद्यात मल्लाचं वजन खरं, मुलूख मात्र मॅनेजर ठरवेल तो.

मग १९६४. दिग्दर्शक गाय हॅमिल्टननं साकाटाला कुस्ती करताना पाहिलं आणि ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटात खलनायकाच्या नोकराची, ऑडजॉबची भूमिका दिली. मूळ कादंबरीतला ऑडजॉब कोरियन, पण ते कोणाला खटकलं नाही. पोलादी कडेची टोपी फेकून माणूस मारणारा, मुठीत गोल्फचा चेंडू चुरडणारा, तोंडातून धड एक शब्द न काढणारा नोकर! संवाद नाहीत, तरी सिनेमा आठवताना बाँड झालेल्या शॉन कॉनरीच्या पाठोपाठ तोच डोळ्यांपुढे येतो. फोर्ट नॉक्स या सोन्याच्या कोठारातल्या प्रसंगात विजेच्या धक्क्याचं चित्रण करताना त्याचा हात खरोखर भाजला, तरी हॅमिल्टन थांबा म्हणेपर्यंत त्यानं टोपीवरची पकड सोडली नाही. हे ऐकलं, की मला बारबेल धरलेले हात आठवतात.

त्यानंतर त्यानं नाव लावलं ते हॅरॉल्ड ‘ऑडजॉब’ साकाटा असं. विक्सच्या खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतही ऑडजॉबच होता: ढास लागली की हात चालवून घराची मोडतोड करणारा, बायकोनं चमचाभर औषध पाजल्यावर शांत होणारा. लंडनच्या ऑलिम्पिकचं उद्घाटन २९ जुलैला झालं होतं. १९८२ च्या २९ जुलैला होनोलुलूत कर्करोगानं त्याचं निधन झालं. लोक हळहळले ते ऑडजॉब गेला म्हणून.